खुले पत्र : बेटावरचा थांबा बेटाच्या मापाने ठरवा

प्रति,
मा. अध्यक्ष, मुंबई बंदर प्राधिकरण, मुंबई;
तसेच मुंबईहून लक्षद्वीपकडे क्रूझ नेणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन

विषय : लक्षद्वीपमधील बेटावर क्रूझ प्रवाशांना उतरवण्याच्या व्यवस्थेबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी गिरगावात राहणारी, मुंबईतील एका मराठी शाळेतून निवृत्त झालेली भूगोलाची शिक्षिका आहे. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझने अलीकडेच कुटुंबीयांसह लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर जाऊन आले. प्रवास सुखाचा झाला आणि जहाजावरील कर्मचाऱ्यांनी आमची मनापासून काळजी घेतली, हे आधीच नमूद करते. हे पत्र सोयी-गैरसोयींच्या तक्रारीचे नाही. आपल्या शहरातून निघालेले शेकडो प्रवासी एका अत्यंत नाजूक बेटावर काही तासांसाठी उतरतात. त्या तासांची आखणी कोणी, कशाच्या आधारे आणि कोणाचा विचार करून करायची, याविषयी मला आपणांस काही सांगायचे आहे. ते जाहीरपणे सांगावे असे वाटले, कारण या व्यवहारात बंदर, कंपनी आणि प्रवासी या तिघांचीही जबाबदारी आहे, आणि चौथा घटक, म्हणजे ज्यांचे ते बेट आहे ती माणसे, आपल्यापासून सुमारे नऊशे किलोमीटर दूर आहेत.

केंद्र सरकारच्या ‘क्रूझ भारत मिशन’ची सुरुवात 30 सप्टेंबर 2024 रोजी मुंबई बंदरातूनच झाली आणि पाच वर्षांत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट तेव्हा जाहीर झाले. पुढच्याच सप्टेंबरमध्ये इंदिरा गोदीतील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. ज्या शहराच्या कित्येक पिढ्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात गेल्या, त्या शहराला समुद्रप्रवास पुन्हा आपलासा वाटू लागावा, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु संख्या दुप्पट करण्याची भाषा करताना ज्या बेटांवर ही संख्या उतरणार आहे ती बेटे दुप्पट होणार नाहीत, याची नोंद त्याच कागदावर कुठेतरी व्हायला हवी. माझे म्हणणे एवढेच आहे की, बेटावर किती माणसे, किती वेळ आणि कशा रीतीने उतरवायची हे आज जहाजाच्या क्षमतेवरून आणि वेळापत्रकावरून ठरते. ते यापुढे बेटाच्या क्षमतेवरून ठरले पाहिजे, आणि ज्या बंदरातून जहाज सुटते त्या बंदराने यात पुढाकार घेतला पाहिजे.

बेटाची क्षमता म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी असावी. लक्षद्वीपमध्ये 36 बेटे असून त्यांपैकी 10 बेटांवर वस्ती आहे आणि या सगळ्या बेटांचे एकत्रित क्षेत्रफळ अवघे 32 चौरस किलोमीटर आहे. 2011 च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या सुमारे 64 हजार होती. अगत्ती हे लांबीला साधारण सात किलोमीटर आणि रुंदीला जास्तीत जास्त एक किलोमीटर असलेले, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असे बेट आहे; त्यावर साडेसात हजारांच्या आसपास माणसे राहतात, दक्षिण टोकाला छोट्या विमानांची धावपट्टी आहे, आणि उरलेल्या जागेत घरे, माड, मशिदी, शाळा, दवाखाना आणि मासळी सुकवण्याच्या जागा आहेत. घरांच्या अंगणात नीरफणसाची झाडे पाहून आमच्या गटातील कोकणातल्या मंडळींना घरी आल्यासारखे वाटले. पण कोकण आणि हे बेट यांत मूलभूत फरक आहे. इथे डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही, खडकही प्रवाळांनी तयार केलेला आणि वाळूही प्रवाळांचा व शिंपल्यांचा चुरा होऊन बनलेली. पायाखालची सगळी जमीनच समुद्रातल्या जिवांनी घडवलेली आहे आणि ते जीव जगले तरच ती टिकणार आहे.

सगळ्यात आधी पाण्याचे पाहू. अशा बेटावर पडलेला पाऊस वाळूतून झिरपतो आणि खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. विहिरींना लागते ते पाणी याच थरातले. उपसा वाढला की गोडा थर पातळ होतो, खालचे खारे पाणी वर चढते, आणि पुढच्या पावसापर्यंत त्यावर काही उपाय राहत नाही. जमीन सच्छिद्र असल्यामुळे शौचालयांच्या टाक्यांतून झिरपलेले पाणीही याच थराला जाऊन मिळू शकते. म्हणूनच चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्रातील खोल थंड पाण्याचा उपयोग करून समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र 2005 मध्ये कवरत्ती येथे आणि 2011 मध्ये मिनिकॉय व अगत्ती येथे उभारले. अगत्तीच्या संयंत्राची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आहे. साडेसात हजार माणसांत ते वाटले तर माणशी तेरा लिटरच्या आसपास भरते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी 135 लिटर हे प्रमाण धरले जाते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की, आंघोळीला गोड्या पाण्याचा शॉवर कुठे आहे असे किनाऱ्यावर विचारणाऱ्या प्रवाशाला काय उत्तर द्यायचे, हे मुंबईतच ठरवून निघणे किती आवश्यक आहे ते लक्षात येईल.

आणि यावर तोडगा जहाजावरच आहे. मोठी प्रवासी जहाजे स्वतःला लागणारे गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापासून तयार करतात. बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने पिण्याचे पाणी जहाजावरूनच, पुन्हा वापरता येणाऱ्या बाटलीत भरून न्यावे, अंग जहाजावर परतल्यावर धुवावे, आणि शक्यतो शौचालयही जहाजावरचेच वापरून होडीत बसावे, एवढे तीन नियम कंपनीने केले तर बेटाच्या विहिरींवर आमचा भार जवळपास पडणार नाही. यासाठी कोणत्याही नव्या बांधकामाची गरज नाही. गरज आहे ती सांगण्याची आणि सांगितलेले पाळले जाते की नाही हे पाहण्याची.

पाण्यानंतर प्रवाळ. बेटाभोवती प्रवाळाचे कडे असते आणि त्या कड्याच्या आत उथळ, शांत, हिरवट-निळ्या पाण्याचे लगून असते. मोठे जहाज या कड्याच्या आत जाऊ शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी लहान होड्यांतून आत नेले जातात. खुल्या अरबी समुद्राच्या लाटा या कड्यावर फुटतात, म्हणून बेट टिकून आहे. अगत्तीच्या शेजारीच असलेल्या बंगारमच्या प्रवाळकड्यातील पराली-1 हे निर्जन बेट झिजत झिजत 2017 पर्यंत पूर्णपणे पाण्याखाली गेल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. दरम्यान समुद्राचे तापमान वाढत आहे. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले की प्रवाळ आपल्या शरीरातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात; त्यांचा रंग जातो, अन्न तुटते, आणि उष्णता ओसरली नाही तर ते मरतात. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 मध्ये असे घडले आणि 2024 च्या उन्हाळ्यात पुन्हा घडले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन 1998 च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आल्याचे दीर्घकालीन पाहणीतून दिसून आले आहे. दोन उष्ण लाटांमधले अंतर कमी होत चालल्यामुळे, सावरण्यासाठी प्रवाळांना मिळणारा अवधीही आटत चालला आहे.

समुद्र तापण्यावर मुंबई बंदराचे किंवा एखाद्या कंपनीचे नियंत्रण नाही, हे मी जाणते. पण आजारातून उठणाऱ्या माणसाला धक्का लागू नये एवढे तर शेजाऱ्यांच्या हाती असते. जे प्रवाळ वाचले आहेत त्यांच्यावर आमचे पाय पडू नयेत, एवढे पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि नेमके तेच आज होत नाही.

मी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगते. लगूनमध्ये कमरेइतक्या पाण्यात आमचा गट उभा होता. एका गृहस्थांनी छायाचित्रासाठी पाय रोवला तो खडकावर, असे त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना वाटत होते. तो जिवंत प्रवाळ होता, शिंगांसारख्या फांद्या असलेला. पाणी इतके नितळ होते की त्यांनी पाय उचलल्यावर मोडलेल्या फांद्या वाळूवर पडलेल्या स्पष्ट दिसत होत्या आणि जिथून त्या मोडल्या ती जागा पांढरीशुभ्र उघडी पडली होती. थोड्या अंतरावर होडीत बसलेला बेटावरचा एक तरुण मल्याळममधून मोठ्याने काहीतरी सांगत होता आणि दोन्ही हात हलवत होता. तो मौजेने हात करतो आहे असे समजून आमच्यातल्या काहींनी त्यालाही हात केला. पुढे एक लहान मुलगी मूठभर प्रवाळाचे तुकडे आणि शिंपले गोळा करून आईला दाखवत होती. भारतात प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि लक्षद्वीपमधून प्रवाळ गोळा करून नेणे हा दंडनीय गुन्हा आहे, हे त्या आईला कोणी सांगितलेच नव्हते. यात त्या कुटुंबांचा दोष मी मानत नाही. दोन्ही कुटुंबे सभ्य, सुशिक्षित होती, आणि माहिती असती तर त्यांनी असे केले नसते याची मला खात्री आहे.

जहाजावर आम्हाला सूचना मिळाल्या नाहीत असे नाही. कोणत्या रंगाच्या टोकनवाल्यांनी किती वाजता कोणत्या मजल्यावर जमायचे, परतीची शेवटची होडी केव्हा, जेवण किती वाजेपर्यंत मिळेल आणि संध्याकाळी रंगमंचावर कोणता कार्यक्रम आहे, हे सगळे इंग्रजी-हिंदीतून वारंवार सांगितले गेले. बेटाविषयी मात्र एक वाक्यही सांगितले गेले नाही. आम्ही कोणाच्या दारी जात आहोत, तिथले लोक काय करून जगतात, पाण्यात कुठे उभे राहायचे आणि कुठे नाही, गावातून फिरताना पोशाख कसा असावा, दारू तिथे निषिद्ध आहे, लोकांची विशेषतः स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, यांतले काहीच नाही. एक दिवस, एक रात्र आणि वर काही तास आम्ही जहाजावर होतो, म्हणजे सांगायला वेळ नव्हता असे म्हणता येणार नाही.

प्रशांत महासागरातील पलाऊ या छोट्या द्वीपराष्ट्राने डिसेंबर 2017 पासून एक रीत घातली आहे. देशात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर एक प्रतिज्ञा उमटवली जाते, त्या देशाच्या मुलांना उद्देशून लिहिलेली, आणि पाहुण्याने तिच्याखाली सही केल्यावरच त्याला प्रवेश मिळतो. प्रवाळांना अपायकारक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊने 2020 पासून बंदी घातली, आणि हवाईने त्यांतील दोन रसायने असलेल्या सनस्क्रीनची विक्री 2021 पासून थांबवली. आपल्याकडे लक्षद्वीपला जाणाऱ्या भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो आणि क्रूझ प्रवाशांचे परवाने कंपनीच काढते. म्हणजे प्रत्येक प्रवाशाचे नाव, वय आणि संपर्क जहाज सुटण्याच्या पुष्कळ आधी कंपनीच्या हाती असतो. परवान्याच्या त्याच अर्जासोबत मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या भाषांतून एका पानाची सूचना पाठवून प्रवाशाची सही घेणे अवघड नाही. ज्या सामानात बाटल्या आणि सनस्क्रीन भरले जाते ते सामान घरीच भरले जाते, म्हणून ही सूचना घरी पोहोचली पाहिजे. समुद्रात गेल्यावर सांगून उपयोग नाही.

आणि मुंबई बंदराकडे माझी विशेष विनंती आहे ती टर्मिनलच्या इमारतीविषयी. सामान तपासणीपासून जहाजावर चढेपर्यंत प्रवासी तिथे बराच वेळ बसून असतात. लहान मुले कंटाळतात, वडीलधारी मंडळी इकडेतिकडे बघत बसतात. त्या भिंतींवर जहाज जिथे चालले आहे त्या बेटांची माहिती चित्रांसह लावावी, एखादा दहा मिनिटांचा माहितीपट दाखवावा. त्यात मुंबईच्या प्रवाळांचाही समावेश करावा असे मी आवर्जून सुचवते. कोस्टल रोडच्या कामासाठी, 2020 मध्ये, हाजीअली आणि वरळी येथील खडकांवरच्या प्रवाळांच्या 18 वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने काढून कुलाब्याच्या किनाऱ्याकडे हलवल्या गेल्या होत्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत हेच बहुसंख्य मुंबईकरांना ठाऊक नाही. ते एकदा कळले की अगत्तीच्या पाण्यात पाय कुठे ठेवायचा हे माणूस आपोआप पाहू लागतो. निदान वर्गात शिकवताना माझा अनुभव असा आहे की, आपल्या अंगणातली गोष्ट दाखवली की मुलांना दूरची गोष्ट चटकन समजते.

आता संख्येकडे वळते. आपल्याकडच्या एका क्रूझवर हजार-दीड हजार प्रवासी सहज असतात. ते सगळे एकाच सकाळी, एकाच धक्क्यावर, एकाच किनारपट्टीवर उतरले तर त्या दिवसापुरती बेटावरच्या दर पाच ते सात-आठ माणसांमागे एका पाहुण्याची भर पडते. फ्रेंच पॉलिनेशियातील बोरा बोरा हे आकाराने अगत्तीच्या कितीतरी पट मोठे, डोंगर असलेले बेट. तिथेही 2022 पासून दिवसाला 1,200 क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे. थायलंडमधील माया बे हा जगप्रसिद्ध किनारा प्रवाळांची हानी झाल्यामुळे जून 2018 मध्ये पूर्ण बंद करावा लागला आणि जानेवारी 2022 मध्ये उघडला तो मर्यादित संख्येने, होड्यांना खाडीत मज्जाव करून. किनारा बंद असतानाच्या काळात तिथे शार्क पुन्हा दिसू लागले. लक्षद्वीपसाठी योग्य आकडा कोणता, हे मी सांगणे उचित होणार नाही. तो तिथल्या प्रशासनाने, पंचायतीने, मच्छीमारांनी आणि प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्यांनी मिळून ठरवावा. आपण इथून तो मागून घ्यावा, जाहीर करावा आणि तेवढेच प्रवासी एका वेळी उतरवावेत. बाकीच्यांना दुसऱ्या पाळीत न्यावे. त्यासाठी जहाजाला तिथे अधिक काळ थांबावे लागले तर थांबावे. खुद्द लक्षद्वीपच्या ‘स्पोर्ट्स’ या 1982 मध्ये स्थापन झालेल्या पर्यटन संस्थेची कोचीहून निघणारी ‘समुद्रम’ सहल याच तत्त्वावर चालते: पर्यटक रात्री जहाजावर झोपतात, आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशा बेटांवर वाटाड्यांसोबत पूर्ण दिवस घालवतात, जेवतात, गाव पाहतात. पूर्ण दिवस घालवणारे कमी पाहुणे आणि तीन तासांत धावतपळत फोटो काढून परतणारा जमाव, यांतला कोणता प्रकार बेटाला आणि पाहुण्याला जास्त काही देऊन जातो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

त्यातूनच बेटावरच्या लोकांच्या उत्पन्नाचा मुद्दा येतो. लक्षद्वीपचे मच्छीमार कुपा मासा जाळ्याने न पकडता गळकाठीने एक-एक करून पकडतात. वाळवलेला कुपा, खोबरे, काथ्या, नारळाचा गूळ ही तिथली उत्पादने. आम्ही बेटावर होतो तेवढ्या वेळात बहुतेकांनी एखादे शहाळे घेतले असेल तेवढेच, कारण जेवायला जहाजावर परतायचे होते आणि जेवणाचे पैसे आधीच भरलेले होते. होडीवाल्यांना काम मिळाले, ही चांगली गोष्ट आहे. पण एवढ्या माणसांचा राबता सोसणाऱ्या गावाला एक वेळचे जेवण रांधण्याचे कामही मिळू नये, हे मला बरोबर वाटत नाही. तिथल्या स्त्रियांच्या बचत गटांकडून दुपारचे जेवण घ्यावे, प्रत्येक वीस-पंचवीस प्रवाशांमागे बेटावरचाच एक वाटाड्या नेमावा आणि त्याला कंपनीने योग्य मोबदला द्यावा. हात हलवून सांगणाऱ्या त्या तरुणाचे म्हणणे आमच्यापर्यंत पोहोचवायला एक वाटाड्या पुरला असता.

होड्यांची बाब मी कळकळीने मांडते, कारण आपल्या शहराने समुद्रात माणसे गमावली आहेत. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि 15 जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर प्रत्येक प्रवाशाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असलेच पाहिजे, हा आग्रह सर्वत्र धरला गेला. तोच आग्रह नऊशे किलोमीटर दूरच्या होडीतही तितकाच कडक हवा. जहाजाच्या कडेच्या दारातून हलत्या होडीत पाऊल टाकणे हा या सगळ्या सहलीतला सर्वांत धोक्याचा क्षण असतो. होडी लाटेबरोबर वर-खाली होते, मधली फट क्षणात रुंदावते आणि क्षणात मिटते. जुन्या कोकण बोटींवरून पडावात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीत, उतरताना तांडेल (होडीचा म्होरक्या) लाटेचा अंदाज घेऊन हाक देई आणि तेव्हाच उतारू पाऊल टाकीत. आमच्यासोबतचे खलाशी कुशल होते, त्यांनी हात धरून सर्वांना नीट उतरवले. परंतु गुडघेदुखीच्या ज्येष्ठांना, गरोदर स्त्रियांना किंवा चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांना असे उतरावे लागणार आहे, आणि समुद्र खवळलेला असेल तर थांबा रद्दही होऊ शकतो, हे तिकीट काढतानाच स्वच्छ शब्दांत सांगितले गेले पाहिजे. लक्षद्वीपमधून गंभीर रुग्णाला पुढील उपचारांसाठी अनेकदा हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. पाय घसरून एखाद्या आजींचे हाड मोडले, तर त्याचा ताण त्या छोट्या बेटाच्या आरोग्यव्यवस्थेवर येतो. आणि थांबा रद्द करण्याचा निर्णय कप्तानाने घेतला, तर प्रवाशांच्या नाराजीचा किंवा परताव्याच्या हिशेबाचा दबाव त्याच्यावर येता कामा नये.

कचऱ्याविषयी थोडक्यात. ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही आणि प्रक्रिया न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि धुलाईच्या सांडपाण्यावर मात्र या करारात तशी बंधने नाहीत. प्रवाळकड्याजवळ जहाज उभे असताना तेही सोडले जाणार नाही, असे कंपन्यांनी स्वतःहून लिहून द्यावे. प्रवाशांनी बेटावर नेलेली प्रत्येक वस्तू जहाजावर परत यावी, आणि तो सगळा कचरा मुंबईत उतरवून त्याची नोंद बंदराने ठेवावी. जहाजांचा कचरा स्वीकारण्याची व्यवस्था ठेवणे हे बंदराचे कर्तव्यच आहे. तिथल्या नोंदवहीत बेटावरून परत आलेल्या कचऱ्याचा एक रकाना वाढवायचा आहे, एवढेच.

या सूचनांमुळे तिकीट महागेल, असा आक्षेप घेतला जाईल, आणि त्यात तथ्य आहे. वाटाड्यांचा मोबदला, बेटावरचे जेवण, अधिक काळ थांबणे या गोष्टींना पैसे लागतात. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या व्यक्तीला त्याची झळ लागेल. तरीही, जो खर्च आज आपण भरत नाही तो बेटावरच्या विहिरी आणि प्रवाळ भरत आहेत, हे लक्षात घेता तो प्रवाशांनीच भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा आक्षेप अधिकाराचा असेल: मुंबई बंदराचे क्षेत्र मुंबईपुरते, लक्षद्वीपचा कारभार तिथल्या प्रशासनाकडे, मग बंदराने यात का पडावे? कायद्याने बंदर प्राधिकरण तिथे काही करू शकत नसले, तरी आपल्या धक्क्यावर नियमित जागा मागणाऱ्या कंपनीशी बोलणी करताना अटी सुचवण्याचे सामर्थ्य प्राधिकरणाकडे निश्चितच आहे. टर्मिनल आपले, प्रवासी बहुतांशी आपल्या शहरातले आणि राज्यातले, कचरा उतरणार तो आपल्या गोदीत. लक्षद्वीप प्रशासन, कंपन्या आणि बंदर यांची एक एकत्र बैठक बोलावण्यासाठी मुंबईइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही.

ही बैठक पावसाळ्यात व्हावी, असे मी सुचवते. त्या महिन्यांत समुद्र खवळलेला असल्याने लक्षद्वीपकडच्या क्रूझ बंद असतात, अधिकाऱ्यांना आणि कप्तानांना सवड असते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास नवा मोसम सुरू होण्याआधी निर्णय अमलात आणता येतात. बैठकीला अगत्तीच्या मच्छीमारांचा आणि होडीवाल्यांचा किमान एक-एक प्रतिनिधी असावा आणि त्यांच्यासाठी मल्याळम दुभाष्याची सोय करावी. प्रवाशांना द्यावयाच्या एका पानाच्या सूचनापत्राचा मराठी मसुदा मी तयार केला असून मुंबईतील काही शिक्षक मित्रांनी त्याचे हिंदी आणि गुजराती भाषांतर करून देण्याचे मान्य केले आहे. त्यासाठी आम्हाला कोणताही मोबदला नको. मसुद्यातील माहिती सागरी जीवशास्त्राच्या जाणकारांकडून तपासून घ्यावी लागेल. तो आपल्याकडे कोणत्या विभागात आणि कोणाच्या नावे सादर करावा, हे कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
गिरगाव, मुंबई

प्रत माहितीसाठी : मा. प्रशासक, लक्षद्वीप; केंद्रीय बंदरे, जहाज वाहतूक आणि जलमार्ग मंत्रालय, नवी दिल्ली